उद्यान रेल्वे

उद्यान रेल्वे : घराभोवतीच्या बागेत उघड्यावर कायम स्वरूपात बांधलेली लहान प्रतिकृतिरूप रेल्वे. ती ऊनपावसात, मातीवरून व खऱ्या झाडाझुडपांतून जात असल्याने तिची बांधणी टेबलावरील खेळण्यापेक्षा खऱ्या लोहमार्गाच्या स्थापत्यास अधिक जवळची असते. जमीन उतरती असल्यास हे साम्य विशेष जाणवते. हा छंद ब्रिटन, जर्मनी व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे विशेष रुजलेला आहे.

मापे : दोन रुळांतील अंतर सामान्यतः ४५ मिमी. किंवा ३२ मिमी. असते. न्यूरेंबर्ग येथील लेमान या कारखान्याने १९६८ मध्ये ४५ मिमी. मार्गावर उघड्यावर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांमुळे या छंदाचा मोठा प्रसार झाला. १ : २२·५ प्रमाणाच्या या गाड्या मीटरमापी रेल्वेच्या प्रतिकृती होत. ३२ मिमी. मार्ग १ : १९ या प्रमाणात ६१० मिमी. मापाचा मार्ग दर्शवितो. दार्जिलिंग (१८८१) व नेरळ–माथेरान (१९०७) हे मार्ग याच मापाचे आहेत.

चढ : प्रतिकृती लहान केली, तरी चढ सौम्य होत नाही. ५० स १ या चढावर ५ किग्रॅ. वजनाच्या गाडीस सु. १०० ग्रॅ. भाराइतका, तर २५ स १ या चढावर त्याच्या दुप्पट जादा ओढ लागतो. म्हणून ५० स १ पेक्षा तीव्र चढ शक्यतो टाळतात. वळणावर घर्षण वाढत असल्याने तेथे चढ आणखी कमी ठेवतात. सपाटी व चढ यांचा सांधा एकदम न करता क्रमाक्रमाने करतात. अन्यथा डब्यांची जोडणी सुटते.

बागेची जमीन १० मी. अंतरात १ मी. उतरत असेल, तर ५० स १ चढाने तेवढी उंची गाठण्यास ५० मी. मार्ग लागतो. वळसे घेऊन किंवा गाडीची दिशा उलटवून ही लांबी मिळवितात. बोरघाटात १८६३ ते १९२९ या काळात वापरात असलेल्या उलट-स्थानकाचे तत्त्व हेच होते. लांबी अपुरी असल्यास सर्व मार्ग एकाच पातळीत ठेवून वरच्या अंगास खोदाई व खालच्या अंगास भराव किंवा पूल करतात. यासाठी प्रथम खुंट्या रोवून, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने त्यांवर समान पातळीच्या खुणा करतात. मार्गाची उंची आधी ठरते. जमीन तिला अनुसरून घडविली जाते.

पाण्याचा निचरा : उतारावरील मार्ग बिघडण्याचे प्रमुख कारण पाणी होय. खोदाईच्या वरच्या बाजूस चर काढून पाणी वळवितात आणि मार्गाखालून नळ्या घालून ते पलीकडे सोडतात. आधारभिंत किंचित डोंगराकडे झुकलेली ठेवून तिच्यात पाणी झिरपण्यासाठी भोके ठेवतात व तिच्यामागे दगडगोटे भरतात. नवा भराव एक पावसाळा बसू देऊन मगच त्यावर रूळ टाकणे हितावह असते.

रूळ : पितळी रूळ विशेष प्रचलित आहेत. तापमानात ३०° से. फरक पडल्यास १० मी. लांबीचा पितळी रूळ सु. ६ मिमी. वाढतो. त्यामुळे सांध्यांत फट ठेवतात आणि मार्ग काँक्रीटमध्ये घट्ट न बसविता टोकदार बारीक खडीत बसवितात. गोल खडे परस्परांत अडकत नसल्याने ते निरुपयोगी ठरतात.

चालन : विजेवरील गाड्यांना कमी दाबाचा प्रवाह रुळांतून किंवा एंजिनातील विद्युत् घटमालेतून मिळतो. वाफेची एंजिने उतारावर बेसुमार वेग घेऊ शकतात. त्यामुळे त्यांसाठी मार्ग शक्य तितका समपातळीत ठेवतात किंवा रेडिओ-नियंत्रण वापरतात.