झालरीच्या चुण्या घरच्या घरी

नवी दिल्ली : दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेल्या द्वारका उपनगरातील सदनिका असो वा महाराष्ट्रातील घर, गणपतीच्या मखराला अथवा पडद्याला झालर हवी असते. हाताने घातलेल्या चुण्या बहुधा लहानमोठ्या होतात. जेवणाच्या काट्याच्या साहाय्याने त्या एकसारख्या घालता येतात.

प्रथम पट्टीची खालची कड दुमडून शिवावी. चुण्या पडल्यावर ते कठीण जाते. वरची कड काट्याच्या दात्यांत अडकवून काटा अर्धा वळवावा. तयार झालेली घडी शिलाई यंत्राच्या सुईखाली सरकवून काटा अलगद मागे काढावा व मगच टाके घालावेत. दात्यांना सुई लागल्यास ती मोडते.

कापडाचा अंदाज चुकला, तर झालर अपुरी पडते. एकमेकींना भिडलेल्या चुण्यांना तिप्पट कापड लागते. विरळ चुण्यांसाठी ३० सेंटिमीटरचा नमुना शिवून मोजावा. तो १२ सेंटिमीटर भरल्यास ३ मीटर झालरीसाठी साडेसात मीटर लांब पट्टी घ्यावी.

शेवटी इस्त्री करावी. सुती कापडावर पाणी शिंपडावे. पॉलिएस्टरवर पातळ फडके ठेवून मंद इस्त्री फिरवावी.