विश्लेषण : जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल चालते का? गळती वाढते हे कितपत खरे?

सर्व्हिसिंगला गाडी दिली की गॅरेजमध्ये हमखास विचारले जाते, ‘ऑइल कोणते टाकू, साधे की सिंथेटिक?’ नव्या गाडीच्या मालकाला याचे उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत मिळते. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या, लाखावर किलोमीटर धावलेल्या गाडीच्या मालकाची मात्र पंचाईत होते. एक मेकॅनिक सांगतो, ‘सिंथेटिक टाका, इंजिन नव्यासारखे होईल.’ दुसरा बजावतो, ‘चुकूनही टाकू नका, सगळीकडून गळायला लागेल.’ निर्णय चुकला तर भुर्दंड मोठा असतो. म्हणूनच यातील तथ्य काय आणि समज कोणते, हे पाहणे आवश्यक ठरते.

सिंथेटिक ऑइल म्हणजे काय?

कोणत्याही इंजिन ऑइलमध्ये दोन घटक असतात. एक मूळ तेल, म्हणजे बेस ऑइल आणि दुसरा त्यात मिसळलेली रसायने. ही रसायने काजळी धरून ठेवतात, गंज आणि झीज रोखतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजेच ‘एपीआय’ने बेस ऑइलचे पाच गट केले आहेत. पहिले तीन गट खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळतात. चौथ्या गटातील तेल रासायनिक प्रक्रियेने तयार केले जाते. त्याला पॉलिअल्फाओलेफिन म्हणतात. एस्टरसारखी उरलेली तेले पाचव्या गटात मोडतात. तिसऱ्या गटातील तेलावर हायड्रोजनची इतकी प्रक्रिया केलेली असते, की त्यालाही ‘सिंथेटिक’ म्हणता येईल, असा निर्णय १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरातविषयक स्वयंनियमन संस्थेने दिला. त्यामुळे डब्यावर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेले ऑइल तिसऱ्या गटातील असू शकते. ‘सेमी सिंथेटिक’ म्हणजे साध्या आणि सिंथेटिक तेलाचे मिश्रण.

गळतीची भीती कुठून आली?

१९७० च्या दशकात मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल बाजारात येऊ लागले. पॉलिअल्फाओलेफिनच्या संपर्कात रबर किंचित आकसते आणि कडक होते. इंजिनमधील ऑइल सील रबराचेच असल्याने त्या काळातील काही गाड्यांत गळतीच्या तक्रारी आल्या. पुढे उत्पादकांनी त्यात एस्टर आणि सील फुगवणारी रसायने योग्य प्रमाणात मिसळली. त्यामुळे आजच्या प्रमाणित ऑइलबाबत हा आक्षेप उरलेला नाही. ऑइल बदलले, पण समज कायम राहिला.

मग काही गाड्या खरोखर का गळतात?

जुन्या इंजिनचे सील उष्णतेने कडक होतात, त्यांना बारीक चिरा पडतात. ऑइल वेळेवर बदलले नसेल तर आत काळा, चिकट गाळ साचतो. हाच गाळ कधी कधी त्या चिरा बुजवून ठेवतो. नव्या ऑइलमधील स्वच्छता करणारी रसायने तो गाळ हळूहळू विरघळवतात आणि झाकलेली गळती उघडी पडते. म्हणजे सील आधीच खराब झालेला असतो. ऑइल फक्त ते दाखवून देते. त्यातच २०डब्ल्यू-४०ऐवजी ५डब्ल्यू-३० असे पातळ ऑइल टाकले असेल तर गळतीचा वेग वाढतो. दोष मात्र ‘सिंथेटिक’ला दिला जातो.

डब्यावरील आकडे काय सांगतात?

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहते राहते हे सांगतो. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंश सेल्सियसला, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना होते. महाराष्ट्रात अशी थंडी पडत नाही. त्यामुळे थंड प्रदेशात सिंथेटिकचा जो मोठा फायदा सांगितला जातो, तो येथे मर्यादित ठरतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंशांना असलेला दाटपणा दाखवतो. झिजलेल्या इंजिनात धातूच्या भागांमधील फट वाढलेली असते. तिथे हा दुसरा आकडा पुस्तिकेत दिला आहे त्यापेक्षा कमी करणे धोक्याचे. सिंथेटिक घ्यायचे झाले तरी पुस्तिकेत मंजूर असलेलाच ग्रेड निवडावा.

फायदा कोणत्या गाडीला?

सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर बिघडत नाही, कमी उडून जाते आणि त्याचा दाटपणा अधिक काळ टिकतो. तासन् तास वाहतूक कोंडीत चालणाऱ्या किंवा भर उन्हात घाट चढणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग होतो. सर्वाधिक फायदा टर्बो असलेल्या डिझेल गाड्यांना मिळतो. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनचेच ऑइल पुरवले जाते. गाडी जोरात चालवून लगेच बंद केली, तर तिथे अडकलेले ऑइल करपून थर धरते. सिंथेटिक ऑइल हे करपणे कमी करते. मात्र कोणतेही ऑइल झिजलेली पिस्टन रिंग किंवा फाटलेला सील दुरुस्त करत नाही.

कोणी टाळावे?

गाडी ऑइल ‘खात’ असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल किंवा पार्किंगमध्ये रोज तेलाचे डाग पडत असतील, तर आधी दुरुस्ती करावी. यामागे साधा हिशेब आहे. समजा, साधे ऑइल ४०० रुपये आणि सिंथेटिक ८०० रुपये लिटर आहे आणि इंजिनात तीन लिटर ऑइल लागते. भरण्याचा खर्च अनुक्रमे १,२०० आणि २,४०० रुपये. गाडी दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जाळत असेल, तर पाच हजार किलोमीटरमध्ये अडीच लिटर वर टाकावे लागते. मग एकूण खर्च २,२०० विरुद्ध ४,४०० रुपये होतो. जादा पैसे अक्षरशः धुरात जातात. शिवाय जळणाऱ्या ऑइलमुळे धुरातील हायड्रोकार्बन वाढते आणि पीयूसी चाचणीत अडचण येऊ शकते. खासगी वाहनाला १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या उंबरठ्यावरील गाडीसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

बदल कसा करावा?

साधे आणि सिंथेटिक ऑइल एकमेकांत मिसळले तर गोळे होतात, हा समज चुकीचा आहे. प्रमाणित इंजिन ऑइल परस्परांत मिसळणारी असावीत, अशी अटच असते. त्यामुळे इंजिन ‘धुण्यासाठी’ रॉकेल किंवा डिझेल ओतण्याची गरज नाही. उलट त्यामुळे गाळाचे तुकडे एकदम सुटून ऑइल पंपाची जाळी तुंबू शकते. तेल वर चढले नाही तर इंजिन जाम होते. त्यापेक्षा गाडी गरम असताना जुने ऑइल पूर्ण काढावे, फिल्टर नवा बसवावा आणि त्याच ग्रेडचे सिंथेटिक भरावे. पहिली बदली लवकर, दोन-तीन हजार किलोमीटरवर करावी, म्हणजे सुटलेला गाळ बाहेर पडतो. या काळात दर आठवड्याला सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक पाहावी. गाळ फारच असल्याची शंका असेल तर आधी टॅपेट कव्हर उघडून पाहण्यास मेकॅनिकला सांगावे.

दुचाकींसाठी वेगळा नियम आहे का?

हो. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये फिरतात. कारचे काही ऑइल घर्षण फार कमी करते, त्यामुळे क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण असलेलेच ऑइल घ्यावे. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी ‘एमबी’ दर्जाचे ऑइल चालते.

सिंथेटिक टाकले, म्हणून उशिरा बदलावे का?

जुन्या गाडीच्या मालकाने नेमके हेच टाळायला हवे. झिजलेल्या रिंगांमधून काजळी, वायू आणि न जळालेले इंधन ऑइलमध्ये उतरत राहते. तेल कितीही महाग असले तरी ते घाण होतेच. त्यामुळे पुस्तिकेतील किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी संपेल तेव्हा ऑइल बदलावे. इंजिन सुस्थितीत असेल तर सिंथेटिक खुशाल वापरावे. नसेल तर योग्य ग्रेडचे साधे ऑइल वेळेवर बदलणे अधिक फायद्याचे. गाडीचे वय किती, यापेक्षा डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती उतरते, यावर हा निर्णय घेणे योग्य ठरते.