औषधभांडारातील रात्रीचे सोळा तास

देणगीतून खाटा, क्ष-किरण यंत्र किंवा रुग्णवाहिका घेतली, की ती देणगीदारांना दाखविता येते. औषधभांडारातील थंडावा असा दाखविता येत नाही. मात्र प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन, मधुमेही रुग्णांचे इन्शुलिन आणि बालकांच्या लसी यांचा गुण त्या थंडाव्यावरच टिकून असतो. २ ते ८ अंश सेल्सिअस ही त्यांच्या साठवणुकीची मर्यादा. ऑक्सिटोसिन याच मर्यादेत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांनी २०१९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले. उष्णतेने गुण गमावलेली कुपी आणि चांगली कुपी दिसावयास सारखीच असते. फरक कळतो तो इंजेक्शन देऊनही रक्तस्राव थांबत नाही तेव्हा.

आमच्या भांडारातील शीतकपाटाचे तापमान वर्षानुवर्षे नोंदवहीत लिहिले जात असे; सकाळी नऊ वाजता एकदा आणि सायंकाळी पाच वाजता एकदा. नोंदी नीटनेटक्या होत्या. बहुतेक पानांवर ४ किंवा ५ हेच आकडे आढळत. सायंकाळी पाच ते सकाळी नऊ या सोळा तासांत कपाटात काय घडते, हे मात्र त्या वहीला ठाऊक नव्हते आणि आम्हांलाही नव्हते. अहवाल वर्षात बसविलेली बिनतारी तापमान-आर्द्रता यंत्रणा ही या सोळा तासांसाठी आहे. ती बाजारातून तयार आणलेली नाही. रुग्णालयाच्या विद्युत विभागातील तंत्रज्ञांनी, शहरातील यंत्रमागांचे इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या मदतीने, ती येथेच जुळविली. तिच्यात काय आहे, हे हितचिंतकांस व रुग्णांच्या नातेवाइकांस कळावे, यासाठी हा लेख.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. औषध थंड ठेवावयाचे म्हणजे जितके अधिक थंड तितके चांगले, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक इन्शुलिन एकदा गोठले, की ते वितळल्यावरही वापरावयाचे नसते. कावीळ-ब आणि धनुर्वात यांच्या लसींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. लस गोठली, की ते एकमेकांस चिकटतात आणि लसीचा गुण जातो. लसीच्या बाटलीवरील वर्तुळातला चौकोन उष्णतेने काळवंडतो, परंतु गोठण्याची खूण तो दाखवीत नाही. लसींच्या शीतपेटीत ठेवावयाच्या प्रमाणित तापमान-नोंदकांचा नियम या दृष्टीने बोलका आहे. तापमान सलग १० तास ८ अंशांच्या वर राहिले, तर ते इशारा देतात. परंतु उणे ०.५ अंशाच्या खाली अवघी ६० मिनिटे गेली, तरी इशारा होतो. म्हणजे उन्हाळ्याच्या धास्तीने कपाटाची कळ अधिक थंडीकडे फिरविणारा हात औषधांचे रक्षण करीलच असे नाही.

यंत्रणेची रचना साधी आहे. प्रत्येक ठिकाणी एक लहान डबी बसविली आहे. तिच्यात ईएसपी३२ नावाची चकती असते. काही शे रुपयांना मिळणारी ही चकती मोजलेला आकडा वाय-फायच्या लहरींवरून पाठवू शकते. शीतकपाटासाठी डीएस१८बी२० हा पोलादी टोपणातील जलरोधक सेन्सर वापरला असून त्याची चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते. खोल्यांसाठी तापमान व आर्द्रता दोन्ही मोजणारा एसएचटी३१ हा सेन्सर आहे. त्यातील बारीक थर हवेतील बाष्प शोषतो, त्याबरोबर त्याची विद्युतधारकता बदलते, आणि त्या बदलावरून आर्द्रता काढली जाते. सर्व डब्या दर पाच मिनिटांनी आपले आकडे कार्यालयातील एका केंद्र-पेटीकडे धाडतात. या पेटीत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे. तो आकडे साठवितो, आलेख काढतो आणि मर्यादा ओलांडली गेल्यास कळवितो.

कागदावर सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात तीन ठिकाणी अडले. शीतकपाट म्हणजे धातूची बंद पेटी. आत ठेवलेल्या डबीच्या लहरी बाहेर येईनात. अखेर डबी बाहेर ठेवून फक्त सेन्सरची बारीक तार दाराच्या रबरी पट्टीखालून आत नेली. दुसरी अडचण दाराची. दार उघडले, की आतील हवा क्षणात तापे आणि भोंगा वाजे, वास्तविक औषधाच्या बाटल्या तेवढ्यात तापलेल्या नसत. म्हणून सेन्सरचे टोक ग्लिसरिन भरलेल्या लहान बाटलीत बुडविले. आता ते हवेचे नव्हे, तर बाटलीतील द्रवाचे तापमान सांगते, आणि आम्हांला तेच हवे असते. तिसरी चूक आमचीच होती. खोलीतील सेन्सर आम्ही चकतीला लागून बसविला होता. चकती चालता चालता स्वतः ऊब धरते, त्यामुळे खोली आहे त्याहून उष्ण दिसू लागली. सेन्सर वीतभर दूर नेल्यावर आकडा ठिकाणावर आला.

आकडा खरा की खोटा, हे तपासण्याची रीत कोणत्याही गृहिणीस समजेल अशी आहे. बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र केले, की त्या मिश्रणाचे तापमान शून्य अंश राहते. त्यात सेन्सर बुडवून पाहावयाचे. आर्द्रतेसाठी बंद बरणीत खाण्याचे मीठ पाण्याने केवळ भिजेल इतके ओले करून ठेवावयाचे. मिठावरील हवेची आर्द्रता काही तासांत सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. दीर्घकाळ दमट हवेत राहिलेला सेन्सर हळूहळू अधिक आकडा दाखवू लागतो, म्हणून ही परीक्षा पावसाळा संपताच पुन्हा घेतली जाते.

आर्द्रतेची काळजी भिवंडीकरांना नवी नाही. सुती धाग्याला हवेत ओलावा लागतो, कोरड्या हवेत ताणा तुटतो, हे येथील प्रत्येक मागवाला जाणतो. औषधभांडाराची गरज नेमकी उलटी आहे. कामवारीच्या काठच्या या गावात पावसाळ्याच्या महिन्यांत दमटपणा भिंतींत मुरतो. ॲस्पिरिनच्या गोळीत ओलावा शिरला, की ती विघटित होऊन बाटलीला शिरक्याचा वास येऊ लागतो. जलसंजीवनीच्या फुटक्या पाकिटांतील चूर्णाचे खडे बनतात. निर्जंतुक केलेले शस्त्रक्रियेचे गाठोडे ओलसर झाल्यास ते निर्जंतुक धरता येत नाही. शस्त्रक्रियागृहात २१ अंशांच्या आसपास, तीन अंश कमी-अधिक, इतके तापमान आणि २० ते ६० टक्के आर्द्रता असावी, असे एनएबीएचचे मार्गदर्शन आहे. आमच्या गाठोड्यांच्या खोलीत जुलै महिन्यात आर्द्रता अनेक रात्री ८० टक्क्यांवर गेलेली आढळली. विश्वस्त मंडळाने तेथे बाष्पशोषक यंत्र बसविण्यास मंजुरी दिली, ती हा आलेख पाहूनच.

खरा कस इशाऱ्याचा लागतो. आपल्या इमारतीत वीज गेली, की जनित्र सुरू होईपर्यंत इंटरनेटची पेटीही बंद पडते. म्हणजे ज्या क्षणी निरोप जावयास हवा, नेमका त्याच क्षणी त्याचा मार्ग तुटतो. यासाठी डब्या, केंद्र-पेटी व वाय-फायची पेटी यांना बॅटरीचा आधार दिला असून निरोप मोबाइल सिमवरून लघुसंदेशाने जातो. संदेश झोपेत न वाचला जाणे शक्य आहे, म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरांच्या मेजावर भोंगाही आहे. आणखी एक सोय आवर्जून केली. एखाद्या डबीकडून पंधरा मिनिटे काहीच आले नाही, तर तोही इशारा समजला जातो. मुकी झालेली डबी आणि निर्धोक कपाट यांत गफलत होऊ नये, हा त्यामागील हेतू.

यंत्रणा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात औषधभांडारातील एका कपाटाचा आलेख पहाटे तीनच्या सुमारास शून्याखाली उतरलेला दिसला. तसे सलग चार रात्री घडले होते. वहीत त्या चारही दिवशी सकाळी ४ अंशांची नोंद होती, आणि ती खोटी नव्हती. नऊ वाजेपर्यंत दार अनेकदा उघडले जाऊन कपाट पूर्वस्थितीवर येत असे. उन्हाळ्यात फिरविलेली कळ कोणी मागे घेतली नव्हती. मागील भिंतीला टेकून ठेवलेले इन्शुलिन आम्ही नष्ट केले. त्या दिवसांत त्याच कपाटातून ज्या रुग्णांना बाटल्या दिल्या होत्या, त्यांच्या घरी निरोप पाठवून त्या विनामूल्य बदलून दिल्या. तो खर्च रुग्णालयाने सोसला आणि तो या अहवालाच्या हिशेबात स्वतंत्र दाखविला आहे.

शासकीय लसींच्या साठ्यासाठी केंद्र शासनाची ई-विन ही संगणकीय व्यवस्था २०१५ पासून टप्प्याटप्प्याने उभी राहिली, आणि पुढे २०२१ मधील को-विन तिच्याच पायावर रचले गेले. आमची घरगुती यंत्रणा तिच्या जागी नाही. लसींच्या शीतपेटीत प्रमाणित नोंदकच ठेवलेला आहे. जेथे अशी व्यवस्था पोहोचत नाही, त्या औषधभांडारात, गाठोड्यांच्या खोलीत आणि शस्त्रक्रियागृहात आमच्या डब्या आहेत.

हाताने लिहावयाची वही बंद केलेली नाही. सकाळ-सायंकाळच्या नोंदी चालूच आहेत. फक्त प्रत्येक पानावर आता रात्रीचा किमान आणि कमाल आकडा असे दोन रकाने वाढले असून, ते भरल्यावर औषधनिर्मात्याने स्वाक्षरी करावयाची असते.