कॅमेरा कोठे होता? कात्री कोठे लागली?

पुण्यात प्रभात रस्ता आहे. हे नाव कोठून आले, ठाऊक आहे? कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' हे गाजलेले बोलपट येथेच तयार झाले. पुढे कंपनी बंद पडली. तिच्याच जागेवर १९६० साली चित्रपटकलेचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. १९६४ मध्ये जुने चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले.

या परिसरात जे शब्द रोज कानावर पडतात ते असे: शॉट, क्लोज-अप, पॅन, झूम, ट्रॉली, टेक, कट, डिझॉल्व्ह. ऐकताना वाटते की ही कलावंतांची खास भाषा असावी. परंतु एकेक शब्द उकलून पाहिला तर त्यामागे आपल्या ओळखीच्याच राशी सापडतात: अंतर, कोन आणि काळ. भूमितीतले समरूप त्रिकोण आणि भौतिकशास्त्रातले भिंग एवढ्या सामग्रीवर हे सारे शब्द समजू शकतात.

ते समजून घेण्याची आज विशेष गरज आहे. आता घरोघरी मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. कोणी तरी टिपलेले अर्ध्या मिनिटाचे दृश्य हजारो लोक पाहतात आणि 'डोळ्यांनी पाहिले' म्हणून त्यावर विश्वास ठेवतात. अशा वेळी सुजाण प्रेक्षकाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत. कॅमेरा कोठे होता? आणि कात्री कोठे लागली?

चौकट, फूट आणि रीळ

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. एका चित्राला चौकट किंवा फ्रेम म्हणतात. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी टिपल्या जातात. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट फीत लागते. एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. दोन तासांच्या चित्रपटाची फीत १०,८०० फूट लांब भरते आणि तीत १,७२,८०० चौकटी असतात!

चित्रीकरण फुटांत मोजत, म्हणून टिपलेल्या दृश्यांना 'फुटेज' हे नाव पडले. आता बहुतेक ठिकाणी फीत गेली, तिच्या जागी संगणक आला, पण नाव राहिले. मोबाइलवरचे 'रील'ही त्याच जुन्या रिळाचे नाव घेऊन आले आहे.

स्थिर चित्रे हलताना का दिसतात? डोळ्यावर प्रतिमा क्षणभर टिकून राहते म्हणून, असे उत्तर पूर्वी देत असत. ते अपुरे आहे. किंचित बदललेली चित्रे भराभर समोर आली की त्यांच्यामधली गती आपला मेंदू स्वतःच जोडून घेतो. याशिवाय पडदा लुकलुकू नये म्हणून प्रक्षेपकातील फिरती झडप प्रत्येक चौकट किमान दोनदा दाखवते. त्यामुळे पडद्यावर सेकंदाला २४ ऐवजी ४८ उजळण्या होतात.

भिंग बदलले, शॉट बदलला

कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जे सलग टिपले जाते तो एक शॉट. माणूस नखशिखांत दिसला तर लाँग शॉट, कमरेपासून वर दिसला तर मिड शॉट आणि केवळ चेहरा दिसला तर क्लोज-अप. आता यातले गणित पाहू.

समजा, १.६ मीटर उंचीचा मुलगा कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर उभा आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे. वस्तू दूर असली की प्रतिमा आणि वस्तू यांच्या उंचीचे गुणोत्तर जवळजवळ नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर एवढे असते. येथे ते ५० भागिले ५०००, म्हणजे शंभरास एक. मुलाची प्रतिमा १६ मिलिमीटर उंच पडेल. बोलपटाच्या पारंपरिक चौकटीची उंचीही साधारण १६ मिलिमीटरच असते. म्हणजे मुलगा चौकटीत नेमका मावला. हा झाला लाँग शॉट.

आता मुलगाही हलवू नका, कॅमेराही हलवू नका. फक्त १०० मिलिमीटरचे भिंग लावा. प्रतिमा दुप्पट झाली, चौकटीत अर्धाच मुलगा मावला, म्हणजे मिड शॉट मिळाला. २०० मिलिमीटरचे भिंग लावले की डोके आणि खांदे एवढेच उरतील. हा क्लोज-अप.

अशा लांब नाभीय अंतराच्या भिंगास टेलिफोटो भिंग म्हणतात. व्ही. शांताराम यांनी १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूच्या डोळ्याचे दृश्य टेलिफोटो भिंग वापरून पडद्यावर प्रचंड मोठे दाखवले. ते दृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अशा भिंगाचा आणखी एक फायदा असतो. कॅमेरा दूर ठेवता येतो, त्यामुळे त्याची सावली नटाच्या चेहऱ्यावर पडत नाही आणि दिवे ठेवायला जागा मिळते.

झूम आणि ट्रॉली यांत फरक कोणता?

एका जागी उभ्या कॅमेऱ्याने मान वळवल्याप्रमाणे डावी-उजवीकडे पाहिले तर पॅन आणि वर-खाली पाहिले तर टिल्ट. हे सोपे आहे. घोटाळा होतो तो झूम आणि ट्रॉली यांत. दोन्हींत समोरचा माणूस मोठा होत जातो. मग दोन शब्द कशाला?

समजा, एक मुलगी कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर आहे आणि तिच्यामागचे वडाचे झाड १२ मीटरवर आहे. झूम भिंगाने नाभीय अंतर दुप्पट केले तर मुलगी दुप्पट मोठी दिसेल आणि झाडही दुप्पट. दोघांचे प्रमाण तेच राहील. आता झूम न करता कॅमेरा रुळांवरच्या ट्रॉलीवर ठेवून २ मीटर पुढे ढकला. मुलगी २ मीटरवर आली, म्हणून ती दुप्पट दिसू लागली. पण झाड १० मीटरवरच आहे. ते १२ भागिले १०, म्हणजे केवळ १.२ पट झाले. मुलगी झाडापासून सुटी होऊन पुढे आल्यासारखी वाटते.

झूममध्ये चित्र मोठे होते, ट्रॉलीत आपण स्वतः चालत पुढे जातो. प्रेक्षकाला हे गणित ठाऊक नसले तरी त्याच्या डोळ्याला फरक जाणवतो.

काळ लांबवणे आणि आखडणे

सेकंदाला ४८ चौकटी टिपल्या आणि २४ च्या वेगाने दाखवल्या तर एका सेकंदाची घटना दोन सेकंद चालते. ही मंदगती, म्हणजे स्लो मोशन. उलट, मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला १६ चौकटींनी टिपलेली फीत २४ च्या वेगाने दाखवली की माणसे दीडपट वेगाने तुरुतुरु चालू लागतात. जुने मूकपट पाहताना हसू येते ते त्यामुळे.

काळ याहूनही आखडता येतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला, हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक काळाने एकेक चित्र टिपत रोपाची वाढ चित्रित केली. ही छोटी फीत पाहून चित्रपटासाठी भांडवल उभे राहण्यास मदत झाली. अशा चित्रणाला टाइम-लॅप्स म्हणतात. हिशेब करून पाहा. दर तासाला एक चौकट टिपली तर दिवसाच्या २४ चौकटी होतात, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. महिनाभराची वाढ अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून जाते!

टेक आणि टाळी

शॉट मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा घेतात. अशा प्रत्येक प्रयत्नाला टेक म्हणतात. टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर शॉटचा आणि टेकचा क्रमांक लिहिलेली पाटी धरतात व तिच्यावरची लाकडी पट्टी फटकन आपटतात. हा क्लॅप नुसता थाट नव्हे. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर नोंदले जातात. पट्टी टेकल्याची चौकट आणि 'फट्' आवाज यांची जुळणी केली की पुढचे सारे संवाद ओठांशी जुळतात.

येथेही भौतिकशास्त्र आहेच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका चौकटीच्या काळात सुमारे १४ मीटर. चित्रपटगृहात पडद्यापासून २८ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला पडद्यामागून आलेला आवाज दोन चौकटी उशिरा ऐकू येतो.

कात्रीचे व्याकरण

टिपलेले शॉट निवडून, कापून, क्रमाने जोडणे म्हणजे संकलन. फितीच्या काळात संकलक खरोखरच फीत कापून जोडत असे. आज हे काम संगणकावर होते, पण शब्द तेच आहेत.

एका शॉटनंतर दुसरा एकदम आला तर कट. चित्र हळूहळू काळे झाले तर फेड-आउट, काळोखातून उजळले तर फेड-इन. पहिले चित्र विरत असतानाच दुसरे उमटत गेले तर डिझॉल्व्ह. त्याच्या मध्यावर दोन्ही चित्रे निम्मीनिम्मी मिसळलेली असतात. या खुणा वाक्यातल्या विरामचिन्हांसारख्या आहेत. फेडला पूर्णविराम समजा. डिझॉल्व्ह बहुधा 'काही काळ लोटला' असे सुचवतो.

जोडणीला एक नियमही आहे. कबड्डीचा सामना आठवा. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडून डावीकडून उजवीकडे जात आहे. कॅमेरा एकदम मैदानाच्या पलीकडच्या बाजूला नेला तर तोच खेळाडू उजवीकडून डावीकडे जाताना दिसेल आणि तो परत फिरला असे प्रेक्षकाला वाटेल. म्हणून हालचालीच्या दिशेने एक काल्पनिक रेषा मानतात आणि सारे शॉट तिच्या एकाच बाजूने घेतात.

पण संकलनाची खरी ताकद निराळीच आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला. तो त्याने एकदा सुपाच्या बशीच्या शॉटला आणि एकदा शवपेटीच्या शॉटला जोडला. प्रेक्षकांना पहिल्या वेळी तो चेहरा भुकेला वाटला, दुसऱ्या वेळी दुःखी. चेहरा तोच! अर्थ कोठेही टिपलेला नव्हता. तो जोडणीतून प्रेक्षकाच्या मनात तयार झाला.

आता साक्षीदार तपासा

गणपतीच्या दिवसांतला लक्ष्मी रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन माणसे एकामागे एक, तीन मीटर अंतर ठेवून उभी आहेत. कॅमेरा पुढच्या माणसापासून ३ मीटरवर असेल तर मागचा ६ मीटरवर आहे. तो निम्माच दिसेल, अंतर स्पष्ट कळेल. आता कॅमेरा ३० मीटर दूर न्या आणि टेलिफोटो भिंग लावा. मागचा माणूस ३३ मीटरवर आहे. दोघांच्या प्रतिमांचे प्रमाण ११ ला १०. दोघे जवळजवळ सारखेच उंच दिसतात, म्हणून आपल्याला वाटते की ते एकमेकांना खेटून उभे आहेत. असे शंभर लोक असतील तर 'प्रचंड चेंगराचेंगरी' दिसेल. भिंगाने खोटे काही टिपलेले नाही. चूक आपण काढलेल्या निष्कर्षात आहे.

तसेच कटाचे. एका शॉटमध्ये कोणी तरी दगड उचलतो, पुढच्या शॉटमध्ये काच फुटते. दोन्ही खरे असतील. पण त्याच दगडाने तीच काच फुटली, हे टिपले कोणी? मधल्या कटात तास गेला असेल, गावही बदललेले असेल. एखाद्या निरपराध माणसाला दोषी ठरवायला एवढा एक कट पुरतो.

आणि सलग शॉट असला तरी तो कोठे सुरू झाला आणि कोठे थांबला, हे टिपणाऱ्यानेच ठरवलेले असते. कात्री दोन्ही टोकांना लागलेलीच असते.

करून पाहा

एका जाड पुठ्ठ्यात ४४ मिलिमीटर रुंद आणि ३२ मिलिमीटर उंच अशी खिडकी कापा. एक डोळा मिटा. खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून १० सेंटिमीटरवर धरा. ५० मिलिमीटरच्या भिंगाला दिसते तेवढेच तुम्हाला दिसेल. २० सेंटिमीटरवर धरली तर १०० मिलिमीटरचे भिंग, ४० वर धरली तर २०० चे. मित्राला ५ मीटरवर उभे करून वरचा हिशेब ताडून पाहा. असे का होते, हे समरूप त्रिकोणांनी सिद्ध करण्याचे काम शिक्षकांनी वर्गाकडून करून घ्यावे.

यानंतर आज रात्रीच्या बातम्या पाहताना एका बातमीत किती कट आहेत ते मोजा. प्रत्येक शॉटसाठी कॅमेरा कोठे उभा असेल याचा अंदाज बांधा, आणि कटांच्या मध्ये काय घडलेले असू शकेल तेही वहीत लिहून ठेवा.