हात कणखर करा, पण जपून!

झाशी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती उगारलेली तलवार आणि दौडणारा घोडा. ती तलवार पेलणारा हात कसा तयार झाला असेल, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आज घरोघरी कुणी कराटेला जाते, कुणी मल्लखांबाला, कुणी लाठीकाठीला. क्लासहून आलेले मूल तळहातावरचे फोड दाखवते तेव्हा आईबाबांना प्रश्न पडतो, हे चांगले लक्षण की वाईट? त्याचे उत्तर झाशीपासूनच शोधू या.

पहाटेचा मल्लखांब

मोरोपंत तांब्यांची मनू बिठूरला, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाखाली वाढली. १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न होऊन ती झाशीला आली आणि लक्ष्मीबाई झाली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि झाशीचा वेढा त्यांनी स्वतः अनुभवला. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. राणीला शरीर कमावण्याची आवड होती, ती पहाटे उठून मल्लखांब करी, जोडी फिरवी आणि मग घोड्यावर बसे, असे त्यात सांगितले आहे.

आता या तिन्ही गोष्टींत हाताला काय काय सोसावे लागते ते पाहा. मल्लखांबावर अंगाचा भार पकडीवर येतो. जोडी म्हणजे लाकडी मुद्गल फिरवताना मनगट पिळवटते. लगाम बोटांना घासतो. असा रोजचा व्यायाम करणाऱ्या कुणाच्याही तळहाताला घट्टे पडतातच.

घट्टा कसा पडतो?

त्वचेला एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब किंवा घर्षण सोसावे लागले, की तिचा वरचा थर जाड होतो. हाच घट्टा. तो शरीराने स्वतःहून केलेला बंदोबस्त आहे, म्हणून तो मुळापासून काढायचा नसतो. पण घर्षण एकदम वाढले तर त्वचेचे थर सुटतात, मध्ये पाणी भरते आणि फोड येतो. घट्टा तयार व्हायला आठवडे लागतात, फोड यायला एक तास पुरतो. फोड येत असतील तर सरावाची गती हाताला झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या वस्तादांना हे ठाऊक होते. मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी अवघड पकडी शिकवत नाहीत, त्यामागे जसा पडण्याचा धोका असतो तसा त्वचेचाही विचार असतो.

हाड विश्रांतीत घट्ट होते

कराटेत मूठ घट्ट करण्यासाठी ‘माकिवारा’ वापरतात. जपानमधल्या ओकिनावा बेटावरून आलेला हा खांब जमिनीत रोवलेला असतो आणि त्याच्या वरच्या टोकाला पूर्वी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळत. ठोसा बसला की तो किंचित मागे वाकतो. हे वाकणे महत्त्वाचे आहे. भिंत वाकत नाही, त्यामुळे भिंतीवर मारलेला ठोसा जसाच्या तसा हाडात परत येतो.

हाडावर नेमाने भार आला की ते त्या भाराला साजेसे घडते, हे जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते, ते याच कारणाने. पण हाड घट्ट होते ते ठोसा मारताना नाही. भार पडल्यावर शरीर जुना भाग काढून तिथे नवा भरते, आणि हे काम मधल्या विश्रांतीच्या दिवसांत चालते. सुजलेल्या हाताने रोज ठोसे मारत राहिले, तर दुरुस्ती होण्याआधीच नवी मोडतोड होते. हात कणखर होण्याऐवजी सांधे मात्र दुखरे होतात.

म्हणून मोठ्यांनीही सुरुवात पंचिंग बॅगवर, हातमोजे आणि मनगटपट्टी बांधून, हलक्या ठोशांनी करावी. मुठीवरच्या कठीण सरावात एक-दोन दिवसांचे अंतर ठेवावे. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवर बसावा, मनगट सरळ असावे. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला तर तिच्या मुळाजवळचे तळव्यातले हाड मोडू शकते.

मुलांची हाडे अजून वाढत असतात

मुलांच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा पट्टा असतो आणि हाडाची लांबी तिथून वाढते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६, मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांपर्यंत तो हळूहळू बंद होतो. त्याआधी तिथे जोरदार किंवा वारंवार मार बसला, तर हाडाच्या वाढीवरच परिणाम होऊ शकतो.

त्यामुळे शाळकरी मुलांनी भिंत, झाड, वीट किंवा फरशी यांवर मूठ ‘पक्की’ करायचीच नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणी विटा फोडताना दिसला की मुलांना हुरूप येतो. त्यांना रागावण्यापेक्षा कारण समजावून सांगा. या वयात हात मजबूत करायचा तर लटकणे, जोर मारणे, ओला टॉवेल पिळणे, मऊ चेंडू दाबणे पुष्कळ झाले. पण असे करतानाही मनगट रोज दुखत असेल, तर काही दिवस सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

सरावानंतरची दहा मिनिटे

• अंगठी, बांगड्या, कडे सरावाआधीच काढा. नखे कापलेली असू द्या.

• सराव संपताच हात साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मातीतल्या कुस्तीनंतर तर हे चुकवू नका, नाहीतर नायट्याला आमंत्रण मिळते.

• मूठ सावकाश उघडा-मिटा, बोटे ताणा, मनगट दोन्ही बाजूंना फिरवा.

• घट्टा फार उंच झाला तर पकडीत चिमटतो आणि फाटतो. आठवड्यातून एक-दोनदा हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवून वज्रीने हलके घासा. ब्लेडने कापू नका. मधुमेह असेल तर हे घरी करू नका, डॉक्टरांना विचारा.

• रात्री झोपताना खोबरेल तेल, साजूक तूप किंवा कोकणात टाचांना लावतात ते कोकमतेल चोळा. मऊ राहिलेली त्वचा सहसा चिरत नाही.

• लहान फोड फोडू नका. फुटलाच तर धुऊन स्वच्छ पट्टी बांधा. वरची कातडी ओढून काढू नका, ती खालच्या त्वचेचे पांघरूण असते.

• मुका मार लागला तर बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे शेका आणि हात उंच ठेवा. ताज्या सुजेवर गरम तेलाची मालीश नको.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

सूज वाढतच असेल, बोट वाकडे दिसत असेल, मूठ मिटताना एखादे बोट दुसऱ्यावर चढत असेल किंवा बोटे बधिर होत असतील, तर वाट पाहू नका. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तरीही दाखवा. तिथल्या लहान हाडाची मोड पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही आणि दुर्लक्ष झाले तर ती जुळत नाही. ठोसा मारताना समोरच्याचा दात मुठीवर लागून जखम झाली, तर ती कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंडातले जंतू सांध्यात शिरले की बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

‘मुलीचे हात असे?’

आता घरातल्या एका प्रश्नाविषयी. मुलगी दोरीच्या मल्लखांबाला जाऊ लागते, तळहात खरखरीत होतात आणि एखादी मावशी सहज बोलून जाते, “अगं, मुलीच्या जातीचे हात असे?” बोलणारी विसरून जाते, पण मुलगी पुढच्या समारंभात हात मागे लपवते. मग कधीतरी सरावच सुटतो.

सरकारी शाळांतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याची देशभरची योजना आहे. तिचे नाव ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’. राणीचे नाव आपण इतक्या अभिमानाने घेतो, तर तिच्यासारखी कसरत करणाऱ्या मुलीच्या घट्ट्यांची लाज कशाला? त्या हातांना ओरड्याची नाही, रात्रीच्या दोन थेंब तेलाची गरज आहे.

तेव्हा आज क्लासहून आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे हात हातात घेऊन बघा. फोड आहेत का, सूज आहे का, मूठ नीट मिटते का, विचारा. याच हातांनी त्यांना उद्या पेपर लिहायचा आहे, सायकल चालवायची आहे आणि पुढची कित्येक वर्षे मल्लखांबही करायचा आहे.