चर्चगेटचे गेट कुठे आहे?

मंडळी, चर्चगेट स्टेशनाबाहेर गेट शोधू नका. ते तिथे कधीच नव्हते. इंग्रजांच्या मुंबई किल्ल्याचा हा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. आतला रस्ता १७१८ साली खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाई, म्हणून हे नाव. वाढत्या शहराला तट अडचणीचा होऊ लागला, तेव्हा १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तो पाडला. दरवाजाच्या जागी कारंजे आले. याच परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला. आज तो हुतात्मा चौक आहे. स्टेशनापासून चर्चपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. एकदा चालून पाहाच. तट गेला, दरवाजा गेला. नाव मात्र लोकलच्या पाटीवर रोज धावते आहे.