यंत्र चुकले, की लाकूड बोलते

वेरूळचे कैलास लेणे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले. भिंतीतली वीट चुकीची बसली तर ती काढून पुन्हा लावता येते. कोरीव कामात तशी सोय नाही. जो दगड काढला तो गेलाच!

आमच्या छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींत संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी यंत्रे आहेत. त्यांनाही हाच नियम लागू पडतो. हत्याराने कोठे जावे हे आकड्यांनी सांगायचे, ही या यंत्रांमागची कल्पना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ साली असे यंत्र दाखवले गेले, तेव्हा आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असत. आज लहान मोटरी आणि स्वस्त नियंत्रक मिळतात, त्यामुळे लाकूड कापणारा छोटा सीएनसी राउटर विद्यार्थीही घरी जुळवू शकतात.

माझ्या काही विद्यार्थ्यांनी तो जुळवला. त्यांना मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा जोडनकाशा करायचा होता. दृष्टिहीन मुलांना तो बोटांनी चाचपून जुळवता यावा, म्हणून तुकडे नेमके बसायला हवे होते. पण पहिल्याच दिवशी प्लायवूडच्या कडा काळ्या पडल्या, दोन बिटे मोडली आणि बीड काही जालन्याशेजारी बसेना. आम्ही घाईने वेग, खोली आणि बिट अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. पुढचा तुकडा बरा आला, त्यानंतरचा पुन्हा बिघडला. नेमके काय सुधारले होते, हे कोणालाच सांगता येईना. ती चूक माझी होती. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि प्रयोगाचा पहिलाच नियम विसरलो : एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

मग आम्ही एकेक दोष वेगळा केला.

कडा काळी का पडते?

बिट मोडू नये म्हणून मुलांनी ते अगदी हळू पुढे सरकवले होते. येथेच फसगत झाली. बिटाला दोन धारा होत्या आणि ते मिनिटाला १०,००० फेरे घेत होते. म्हणजे मिनिटाला २०,००० वेळा धार लाकडाला भिडत होती. बिट मिनिटाला २०० मिमी पुढे जात होते. भागाकार करा : प्रत्येक धारेच्या वाट्याला फक्त ०.०१ मिमी लाकूड आले! धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिचे टोक किंचित गोलसर असतेच. इतका पातळ थर ती कापत नाही, नुसती घासते. घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि लाकूड करपते. नीट कापले जाते तेव्हा बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते. आम्ही वेग मिनिटाला १,००० मिमी केला. प्रत्येक धारेला ०.०५ मिमी मिळाले आणि काळेपणा गेला. बारीक पिठासारखा भुसा पडत होता, त्याच्या जागी सुटा कीस पडू लागला. म्हणून आधी कीस पाहा!

बिट का मोडते?

शिसपेन्सिलीचे टोक लांब काढून दाबून लिहिले तर काय होते? बिटाचेही तसेच आहे. ते एका टोकाला घट्ट धरलेल्या काठीसारखे वाकते. बल तेवढेच असले तर वाकणे बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आमचे बिट २४ मिमी बाहेर होते. ते १६ मिमी केले, तेव्हा लांबी दोनतृतीयांश झाली आणि वाकणे २७ पैकी ८ भाग, म्हणजे सुमारे तीस टक्के उरले. जाडीचा परिणाम तर याहून मोठा आहे. बिटाची जाडी दुप्पट केली तर वाकणे सोळाव्या भागावर येते. शिवाय ६ मिमी खोली एका दमात न कापता २ मिमीच्या तीन फेऱ्यांत कापली. त्यानंतर बिट मोडले नाही.

माप का चुकते?

आमच्या मोटरीचा एका फेऱ्यात २०० पावलांचा हिशेब असतो. नियंत्रक प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे १,६०० स्पंद झाले. एका फेऱ्यात मळसूत्र ८ मिमी सरकवते. म्हणून १ मिमीसाठी २०० स्पंद लागतात. हा आकडा चुकला तर चूक मापाच्या प्रमाणात वाढते : ५० मिमीचे ४९.५ होते, तर १०० मिमीचे ९९.

चूक प्रत्येक मापात सारखीच असेल तर कारण दुसरे असते. ते शोधायला ६० मिमीची एक चकती आणि ४० मिमीचे एक भोक कापा. बिटाची जाडी संगणकाला प्रत्यक्षाहून जास्त सांगितली असेल, तर चकती मोठी आणि भोक लहान येते. आमच्या चकतीची उभी रुंदी ६०, आडवी मात्र ५९.६ मिमी आली. भोकही आडवे ०.४ मिमीने लहान होते. दोन्ही एकाच दिशेत लहान, म्हणजे दोष आडव्या अक्षात! कारागीर याला ‘प्ले’ म्हणतात. दिशा बदलताना मळसूत्र आधी ढिलाई भरून काढते, मगच हत्यार हलते. ०.४ मिमी म्हणजे मळसूत्राच्या फेऱ्याचा विसावा भाग, अर्थात १८ अंश. मोटर आणि मळसूत्र जोडणाऱ्या कपलिंगचा एक बारीक स्क्रू सैल होता. तो घट्ट केल्यावर चकती गोल आली.

मध्येच आकृती का सरकते?

काम निम्म्यावर असताना सगळी आकृती बाजूला सरकली, तर मोटरीची पावले चुकली असे समजावे. वेग वाढला की मोटरीच्या वेटोळ्यांत प्रवाह पुरेसा वाढायला वेळ मिळत नाही आणि पीळबल घटते. साध्या यंत्रात मोटर ‘मी अडले’ असे नियंत्रकाला कळवत नाही. तो पुढचे आकडे पाठवतच राहतो. अशा वेळी एकदम वेग घेणे कमी करावे आणि अक्ष हाताने सहज सरकतो का, हे वीज बंद करून पाहावे.

तुम्ही हे यंत्र करणार असाल तर डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर भुश्यापासून वाचवणारा मास्क हवाच. फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालू नका, ते ओढले जातात. बिट बदलताना वीज तोडा आणि शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

पहिली चाचणी लाकडावर नको. बिटाच्या जागी पेन बसवून कागदावर वर्तुळ काढा. त्याचे आडवे व उभे व्यास मोजा आणि वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदलून पुन्हा काढा. आमच्या वहीची अशी अकरा पाने भरली, तेव्हा कुठे बीड जालन्याशेजारी अलगद बसला. डोळे मिटून बोट फिरवले, तर दोघांमधली सीमा हाताला लागत होती आणि फट मात्र लागत नव्हती.